विचारा बिनधास्त: दोन वर्षांचं लेकरू घेऊन परदेशात, ट्रेनने की विमानाने?

मे महिन्याच्या सुट्टीचे प्रश्न सुरू झालेत आणि या वेळी निम्मी पत्रं लहान मुलांना घेऊन बाहेर जाणाऱ्यांचीच आहेत. एक पत्र जवळजवळ पूर्ण छापतेय कारण त्यात सगळ्यांचेच प्रश्न आलेत, बाकीची दोन थोडक्यात.

प्रश्न: ताई नमस्कार, तुमचं सदर आमच्याकडे आधी सासूबाई वाचतात, मग मासिक मला मिळतं. मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि आमची लेक, युरोपला चाललोय. नणंद लंडनला असते, तिच्याकडे आठवडाभर, मग पॅरिस ४ दिवस, मग स्वित्झर्लंडला ल्युसर्नमध्ये ५-६ दिवस आणि परत. १६ मेला निघून ३ जूनला यायचं ठरतंय, तिकिटं अजून काढली नाहीत, व्हिसाचं बघतोय. लेक २९ मेला २ वर्षांची होईल, वाढदिवस बर्फात करायचा असं तिच्या आत्याने परस्पर जाहीर करून टाकलंय. आता भांडण असं की नवरा म्हणतो लंडन-पॅरिस आणि पॅरिस-झुरिक दोन्ही विमानाने जाऊ, सव्वा-सव्वा तासाचं तर काम, ट्रेनमध्ये चार-चार तास पोरगी काय करणार, आणि परतताना पुन्हा लंडनला येऊन तिथनं मुंबईचं विमान धरू. मला आतनं ट्रेन बरी वाटतेय पण का ते धड सांगता येत नाही म्हणून मी दरवेळी हरते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या म्हणतात जिने नकोत, बाकी कशातनंही न्या. पोरीला वेगळी सीट घ्यावी का, बाबागाडी न्यावी का, खायचं काय करायचं, तेही सांगा.
*मुलुंडहून एक आई*

उत्तर: आधी ती २९ तारीख बघू, कारण ट्रेन-विमानाच्या भांडणापेक्षा तिच्यात जास्त पैसे अडकलेत. विमान कंपन्यांकडे बाळ म्हणजे २ वर्षं पूर्ण न झालेलं मूल, आणि ते वय बुकिंगच्या दिवशीचं नाही तर त्या-त्या प्रवासाच्या दिवशीचं धरतात. तुमची लेक जाताना मांडीवर बसून जाईल, मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के वगैरे भरून, पण ३ जूनला ती २ पूर्ण केलेली असणार म्हणजे परतीला तिला स्वतःची सीट लागणार, तिचं भाडं वेगळं, आणि ते मोठ्यांच्या भाड्याच्या बऱ्यापैकी जवळ जातं. एजंटला तिची जन्मतारीख पहिल्या फोनलाच सांगा, नाहीतर परतीच्या काउंटरवर ऐनवेळी सीट घ्यायला लावतील आणि ऐनवेळचा भाव काय असतो ते मी सांगायला नको. तारखा हलवता येत असतील तर परतीचं विमान वाढदिवसाच्या आधीचं घेऊन बरेच पैसे वाचतील, पण मग बर्फातला केक गेला, ते तुम्ही आणि आत्याबाई बघून घ्या. तसंही ९-१० तास रात्रीच्या विमानात ११-१२ किलोचं मूल मांडीवर घेऊन बसणं म्हणजे काय ते एकदा केलेली माणसं दुसऱ्यांदा स्वखुशीने सीट विकत घेतात. पुढच्या भिंतीला लावतात तो पाळणा तुमच्या पोरीला बहुतेक मिळणारच नाही, त्याची वजनाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १०-११ किलोच्या आसपास असते.

आता भांडण. तुमचे मिस्टर सव्वा तास म्हणतात तो आकडा बरोबर आहे, पण तो चाकं जमिनीवरनं सुटल्यापासून टेकेपर्यंतचा. लहान मूल बरोबर असताना मी तास मोजतच नाही, मी उचल-ठेव मोजते. म्हणजे पोरीला किती वेळा गाडीतनं काढायचं, किती वेळा बाबागाडी मिटवायची-उघडायची, किती वेळा बॅगा चढवायच्या-उतरवायच्या, आणि किती वेळा तिला 'आता इथे गप बस' म्हणायचं. दोन वर्षांचं मूल एका जागी रमलं की दोन तास पण रमतं, पण दर वीस मिनिटांनी जागा बदलली की तिसऱ्या बदलाला ते जमिनीवर आडवं होतं, आणि तेव्हा तुम्ही युरोपात आहात का कुर्ल्याच्या पुलावर याने काही फरक पडत नाही.

पॅरिस ते ल्युसर्न याच पद्धतीने मोजून बघा. विमानाने जायचं तर हॉटेलहून टॅक्सी नाहीतर आरईआर बी लाइनने, म्हणजे तिथल्या लोकलने, चार्ल्स द गॉल विमानतळ, त्यात तासभर गेला. मग बॅगा काउंटरला द्या, मग सिक्युरिटी, तिथे पोरीला बाबागाडीतनं काढून कडेवर घ्यायचं, गाडी मिटवून एक्स-रेच्या पट्ट्यावर टाकायची, बूट-जॅकेट-बाटल्या सगळं बाहेर, मग गेटपर्यंत चाल, विमानाच्या दारात गाडी पुन्हा मिटवून द्या, मग टेकऑफला पट्टा आणि लँडिंगला पट्टा, तेव्हा ती नेमकी उभी राहायला बघणार. झुरिकला उतरलात की बाबागाडीची वाट, बॅगांची वाट, मग विमानतळाच्या खालच्याच स्टेशनवरनं ल्युसर्नची ट्रेन, साधारण सव्वा तास. म्हणजे विमानाने गेलात तरी शेवटी ट्रेन आहेच! आणि हे सगळं मिळून सहा तासांच्या पुढेच जातं.

ट्रेनने जायचं तर पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनवरनं टीजीव्ही लिरिया, म्हणजे फ्रान्सहून स्वित्झर्लंडला जाणारी वेगवान गाडी, तीन तासांच्या थोडं वर की बासेल, तिथे गाडी बदलायची आणि तासाभरात ल्युसर्न. घर ते घर साडेपाच तास धरा. म्हणजे वेळ जवळजवळ तेवढाच, पण उचल-ठेव दोनदा. मधल्या तीन तासांत पट्टा नाही, सामान डोळ्यासमोर, कंटाळली की डब्यातनं फेरी मारायची, कँटीनच्या डब्यापर्यंत जाऊन यायचं, खिडकीतनं गाई दाखवायच्या, डायपर भरला तर टॉयलेटला जायला कुणाची परवानगी नको. हे त्यांना सांगा, म्हणजे का ते 'धड सांगता' येईल.

लंडन-पॅरिसला तर मी फारसा विचारही करणार नाही, युरोस्टार घ्या. सेंट पँक्रासहून पॅरिसच्या गार दु नोरला सव्वादोन-अडीच तास आणि दोन्ही स्टेशनं शहराच्या पोटात. फक्त ही दादरहून डेक्कन क्वीन पकडण्यातली गोष्ट नाही, इथे विमानतळासारखं चेक-इन आहे, सामान एक्स-रेमधनं जातं आणि फ्रान्सचे पासपोर्ट अधिकारी लंडनलाच बसलेले असतात, शेंगेनमधली, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांमधली, तुमची एंट्री तिथेच होते. त्याचा फायदा असा की पॅरिसला उतरलात की सरळ चालत बाहेर, पुन्हा रांग नाही. भारतीय पासपोर्टला वेळ लागतो, त्यात युरोपने ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी एंट्री-एक्झिट पद्धत सुरू केलीय, १२ वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत पण तुम्हा तिघांचे घेणार, तेव्हा गाडीच्या दीड तास तरी आधी पोचा. पाण्याच्या-दुधाच्या बाटल्यांना इथे १०० मिलीची भानगड नाही. विमानातही लहान मुलाचं दूध-पाणी लागेल तेवढं नेऊ देतात पण प्रत्येक वेळी काढून दाखवा, क्वचित तपासायला द्या, हे सोपस्कार असतातच. आणि एक सांगून ठेवते, समुद्राखालचा बोगदा म्हणून पोरीला उगाच भारी काही सांगू नका, वीस मिनिटं बाहेर नुसता काळोख असतो, मासेबिसे दिसत नाहीत आणि मग भोकाड.

स्वस्तातल्या विमानांचा मोह होईल, पण ती कुठनं कुठे जातात ते आधी नकाशात बघा. पॅरिस म्हणून विकलेलं तिकीट बोव्हे विमानतळाचं निघालं तर ते पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे पुण्याला लोणावळ्यात उतरवल्यासारखं. वर बॅगेचे पैसे वेगळे, मांडीवरच्या बाळाचे वेगळे.

सीटचं. युरोस्टारवर ४ वर्षांखालचं मूल मांडीवर फुकट येतं, तिकीट लागत नाही. अडीच तास आहेत, तुम्ही तीन मोठी माणसं आहात, मांडी बदलत बदलत जाईल, पण पोरगी वळवळी असेल आणि वेळेत बुक करून तिकीट बरं मिळत असेल तर चौथी सीट घ्या आणि समोरासमोरच्या चार सीट, मध्ये टेबल, अशी जागा मागा, मग तो तुमचाच कोपरा. स्वित्झर्लंडात ६ वर्षांखाली फुकट आणि तिथल्या आतल्या गाड्यांना रिझर्वेशनही लागत नाही, चढा आणि बसा. टीजीव्हीला रिझर्वेशन लागतंच, आणि तिथे सासूबाईंसाठी एक महत्त्वाची गोष्ट: लिरियाच्या गाड्या डबलडेकर आहेत. बुक करताना खालचा मजला निवडा. वरचा मिळाला तर गुडघे, बाबागाडी आणि बॅगा असा तिहेरी जिना चढावा लागेल आणि मग ट्रेन सुचवली म्हणून मला शिव्या पडतील.

जिन्यांचं म्हणाल तर मिस्टरांच्या बाजूने हा एक मुद्दा मी मान्य करते. विमानतळावर चालायला खूप लागतं पण व्हीलचेअर फुकट मिळते, तिकीट काढतानाच सांगून ठेवलं की दारापासून सीटपर्यंत नेतात आणि बरोबरच्यांचंही काम सोपं होतं. रेल्वेतही मदत मिळते, पण ती आधी कळवून ठरवावी लागते, आणि बरेच डबे प्लॅटफॉर्मपेक्षा एक-दोन पायऱ्या उंच असतात. मुंबईहून जाताना-येताना त्यांच्यासाठी व्हीलचेअर नक्की घ्या, लाजू नका. पॅरिसची मेट्रो मात्र विसरा, जुन्या लाइन्सना लिफ्ट जवळजवळ नाहीतच, एक १४ नंबरची लाइन सोडली तर जिनेच जिने. बस घ्या नाहीतर टॅक्सी. गार दु नोरहून हॉटेलला तर टॅक्सीच, अधिकृत रांगेतली, आत येऊन 'टॅक्सी टॅक्सी' विचारणाऱ्यांबरोबर जायचं नाही, आणि त्या स्टेशनवर पाकीट-पासपोर्ट पोटाशी ठेवा, गर्दीत हात मारणारे तिकडेही आहेत.

बासेलला बदलायला कमीत कमी अर्धा तास ठेवा. फ्रान्सकडनं येणारी गाडी स्टेशनच्या एका वेगळ्या टोकाला लागते आणि तिथनं मुख्य भागात चालत यावं लागतं. पुढची ल्युसर्नची सुटली तरी हातपाय गाळायचं कारण नाही, तासाभरात दुसरी असतेच. स्विस रेल्वेच्या डबलडेकर इंटरसिटी गाड्यांना फॅमिली कोच असतो, त्याच्या वरच्या मजल्यावर चक्क घसरगुंडी वगैरे असलेला छोटा प्लेएरिया. सगळ्याच गाड्यांना नसतो पण दिसला तर सोडू नका, सासूबाई खाली आणि तुम्ही दोघी वर.

ट्रेनचा खरा वैताग सामान. तिथे हमाल नाहीत, काउंटरला बॅग देऊन मोकळं होणं नाही, गाडी मधल्या स्टेशनावर दोन-तीन मिनिटं थांबते आणि तेवढ्यात चौघांनी चढायचं. तुमच्याकडे चार हात म्हणजे खरं तर तीन, कारण एक पोरीला लागणार. म्हणून मोठ्या बॅगा दोनच, मध्यम साइजच्या, आणि सासूबाईंकडे फक्त पर्स. तीस-तीस किलो फुकट आहे म्हणून मुंबईहून भरून नेलंत तर ते वजन बासेलला तुमच्याच खांद्यावर येतं. नणंदेसाठीच्या चकल्या आणि तिच्या ऑर्डरी लंडनलाच रिकाम्या होतील, ती बॅग तिच्याकडेच ठेवा असं मी म्हणणार होते पण मग लंडनला परत यावं लागेल, आणि तेच मला नकोय.

कारण परत लंडनला येणं हा तुमच्या प्लॅनमधला सगळ्यात महागडा भाग आहे, पैशाने नसेल कदाचित, पण दमणुकीने. ल्युसर्न ते झुरिक, झुरिक ते लंडन, पुन्हा इमिग्रेशन, मग लंडन ते मुंबई. झुरिकहून मुंबईला थेट विमान आहे. एजंटला सांगा मल्टी-सिटी तिकीट हवं, जाताना मुंबई-लंडन, येताना झुरिक-मुंबई, एकाच एअरलाइनचं किंवा पार्टनर एअरलाइन्सचं, एका पीएनआरवर. दोन वेगळी एकेरी तिकिटं बहुतेक महाग पडतात, मल्टी-सिटी बरेचदा साध्या रिटर्नच्या आसपास बसतं. थोडं जास्त लागलं तरी द्या. बहुतेक लोक युरोपातल्या पाचशे किलोमीटरसाठी भांडतात आणि मुंबईचं तिकीट मात्र सवयीने लंडन-रिटर्न काढून मोकळे होतात.

व्हिसाचं उभ्या उभ्या सांगते. यूके आणि शेंगेन असे दोन वेगळे लागतील, पोरीलाही वेगळे आणि तिचा स्वतःचा पासपोर्ट. शेंगेनला ६ वर्षांखाली फी नाही, यूकेला लहान मुलालाही मोठ्यांएवढीच फी आहे. तुमच्या रात्री स्वित्झर्लंडमध्ये जास्त होतायत म्हणजे शेंगेनचा अर्ज स्वित्झर्लंडकडे करायचा, फ्रान्सकडे नाही.

वेळ कुठली धरायची? मे-जूनमध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, पॅरिस-ल्युसर्न साडेतीन. पहिले काही दिवस पोरगी पहाटे तीनला टक्क जागी होऊन 'मम्मम' म्हणणार, ती काय हट्ट करत नाहीये, तिच्या पोटात मुलुंडचे साडेसात वाजलेत. म्हणून संध्याकाळच्या गाड्या नकोत, पॅरिसला सहा वाजले की तिच्यासाठी रात्रीचे साडेनऊ होतात आणि ती स्टेशनवरच कोसळेल. सकाळी नऊ-दहाची गाडी घ्या, पहिला तास खिडकी, मग खाणं, मग झोप, असं लागलं तर तुम्हालाही कॉफी गरम प्यायला मिळेल.

विमानात कान दुखतात ते उतरताना जास्त, कारण हवेचा दाब झपाट्याने वाढतो आणि लहान मुलांची कानाकडे जाणारी नळी अरुंद असते. गिळलं की ती उघडते. तेव्हा विमान खाली यायला लागलं की स्ट्रॉने पाणी, दूध, काहीही हळूहळू प्यायला द्या. सर्दी असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. आणि झोप यावी म्हणून कुणी ओळखीच्या बाईने सांगितलेलं सर्दीचं औषध वगैरे पाजायचं नाही, डॉक्टरने सांगितल्याशिवाय अजिबात नाही, काही मुलं त्याने झोपायच्या ऐवजी उलटी नाचायला लागतात.

खाण्याचं. यूके आणि युरोप दोन्हीकडे बाहेरून येणाऱ्यांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, पनीर घरी ठेवा. लहान मुलांचं बंद पाकिटातलं दूधपावडर-फूड २ किलोपर्यंत चालतं. नाचणी सत्त्व, मुगाच्या खिचडीचं कोरडं मिश्रण, मेतकूट, पोह्याचा चिवडा एवढं नेलं की पोरीचं भागतं, तूप तिकडच्या सुपरमार्केटला बटर घेऊन नणंद कढवून देईल. ट्रेनच्या कँटीनमध्ये गरम पाणी मागितलं की बहुतेक मिळतं, तरी एक चांगला थर्मास घ्या.

बाबागाडी न्या, पण घरातली मोठी नाही. एका हाताने मिटणारी, हलकी, खांद्याला अडकवता येईल अशी. मोठी गाडी बहुतेक विमान कंपन्या फुकट चेक-इन करून घेतात पण मग ती विमानतळाच्या पट्ट्यावरच भेटते, आणि ट्रेनच्या दारात ती मिटवताना मागे रांग उभी राहते.

बर्फातल्या वाढदिवसाबद्दल माझं मत न विचारता देते. एवढ्या लहान मुलाला युंगफ्राउयोखला, त्या बर्फातल्या उंच ठिकाणी, ३,४५४ मीटरवर एकदम नेऊ नका, तिथे मोठ्यांचंही डोकं जड होतं, पोरीला काय होतंय ते तिला सांगताही येणार नाही. ल्युसर्नहून बोटीने फिट्झनाउला जा आणि तिथनं दातेरी रुळांच्या गाडीने रिगी डोंगरावर. ही १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे, वर १,७९७ मीटर, गाडी शिखराजवळपर्यंत जाते म्हणजे गुडघ्यांनाही चालेल. मेअखेरीला बर्फ असेलच असं नाही, दूरचे पांढरे डोंगर दिसतील. आत्याला फोटो पुरेल.

आणि हो, ट्रेनमध्ये ती चार तास काय करणार हा प्रश्न इथेच सोडवून टाका. एखाद्या शनिवारी ठाण्याहून मडगावची वंदे भारत धरा आणि रत्नागिरीला उतरा, जवळपास चार तास होतात. मिस्टरांना पण न्या.

प्रश्न: मुलगा जर्मनीत श्टुटगार्टला असतो. आम्ही दोघं, सूनबाई आणि दीड वर्षाचा नातू असे जुलैत जातोय, मुंबई-फ्रँकफर्ट थेट विमान आहे. एजंट म्हणतो पुढे फ्रँकफर्ट-श्टुटगार्ट विमान जोडून घ्या, मुलगा म्हणतो विमानतळावरनंच ट्रेन आहे ती घ्या. ट्रेन चुकली तर या वयात कुठे धावणार?
*दादरहून एक आजोबा*

उत्तर: काका, मुलाचं ऐका. फ्रँकफर्ट विमानतळाच्या टर्मिनल १ ला जोडूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, सामानाच्या ट्रॉलीने चालत जाता येतं, आणि तिथनं श्टुटगार्टला थेट आयसीई, म्हणजे तिकडची वेगवान गाडी, सव्वा तासाच्या आसपास. जोडविमान पकडायला तुम्ही दोन तास गेटवर बसाल तेवढ्यात घरी पोचून चहा होईल.

चुकण्याची भीती मात्र खरी आहे, फक्त चुकेल ती ट्रेनमुळे नाही, मुंबईचं विमान उशिरा आलं किंवा पासपोर्टची रांग लांबली तर. म्हणून मुलाला सांगा की स्पारप्राइस हे स्वस्त तिकीट काढू नकोस, ते त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. फ्लेक्सप्राइस काढ, त्या दिवसाची कुठलीही गाडी चालते. किंवा एअरलाइनच्याच तिकिटात ट्रेन जोडून मिळते, लुफ्तान्सा तसं देते, मग विमान उशिरा झालं तर पुढच्या गाडीत बसवायची जबाबदारी त्यांची. ६ वर्षांखालच्या नातवाला तिकीट लागत नाही. आयसीईमध्ये लहान बाळांच्या कुटुंबांसाठी वेगळी बंद खोली असते, क्लाइनकिंडआबटाइल म्हणतात, बाबागाडीला जागा, दार लावून घेता येतं. रिझर्वेशन करताना तीच मागायला सांगा, थोडे युरो जातील पण नातू जमिनीवर रांगला तरी कुणी बघणार नाही.

जर्मन गाड्या वेळेच्या पक्क्या, हा आपल्याकडचा जुना समज आता सोडून द्या. २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आत. एक तासाच्या वर उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, दोन तासांच्या वर ५० टक्के परत मिळतात, मुलाला फॉर्म भरायला लावा. तुमची थेट गाडी आहे म्हणून उशीर झाला तरी नुसतं बसून राहायचंय, धावायचं कुठेच नाही. नातवासाठी दोन खाणी आणि चार डायपर हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही.

प्रश्न: जपानला चाललोय, मुलगा ३ वर्षांचा. टोकियो-ओसाका विमान स्वस्त दिसतंय बुलेट ट्रेनपेक्षा. घेऊ का?
*ठाण्याहून एक बाबा*

उत्तर: नका घेऊ. विमान तासा-सव्वातासाचं आहे पण नोझोमी ही बुलेट ट्रेन (तिकडे शिनकान्सेन म्हणतात) अडीच तासात शहरातनं शहरात सोडते, आणि ६ वर्षांखालच्या मुलाला स्वतःची सीट नको असेल तर पैसे नाहीत, म्हणजे तुमच्या हिशोबात मुलाचं विमानभाडं धरलंय का ते आधी बघा. फक्त बॅग मोजा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जात असेल तर त्या लाइनवर डब्याच्या मागच्या टोकाच्या सीटबरोबर तिची जागा आधी बुक करावी लागते, जास्तीचे पैसे नाहीत पण न करता आणली तर दंड आहे. त्यापेक्षा हॉटेलच्या रिसेप्शनला सांगून मोठी बॅग कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवून द्या, तिकडे ही रोजची पद्धत आहे, साधारण दुसऱ्या दिवशी पोचते, तेव्हा एक रात्रीचे कपडे काढून ठेवा. ओसाकाकडे जाताना फुजी डोंगर बघण्यासाठी उजव्या हाताची खिडकी.